जुगारावर संशोधन कराच, पण आधी पैसा कोणाचा जातो ते मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुगार आणि ऑनलाइन बेटिंगवर हल्ली बरंच छापून येतं आणि लेखाच्या शेवटी एक वाक्य ठरलेलंच असतं, की या विषयावर सखोल संशोधनाची गरज आहे. गरज आहेच हो, कोण नाही म्हणतंय. पण कुठलं संशोधन, कोणाच्या पैशाने, आधी कुठला प्रश्न घ्यायचा नि कुठला मागे ठेवायचा, हे कोणी लिहीत नाही. जगात यावर काम कमी झालंय असंही नाही, पेपर्सचा ढीग पडलाय, फक्त त्यातला बराच मोठा भाग एकाच गोष्टीभोवती फिरतो, ती म्हणजे जुगाराचं व्यसन असलेली माणसं लोकसंख्येच्या किती टक्के आणि ती बाकीच्यांपेक्षा वेगळी कशी. माझी सगळी नोकरी सर्व्हेच्या आकड्यांत गेली, त्यामुळे टक्केवारीचं मला वावडं नाही, उलट जरा जास्तच प्रेम आहे, तरी सांगते की हा प्रश्न यादीत पहिला नको. पहिला प्रश्न असा हवा की या धंद्यात येणारा पैसा नेमका कोणाच्या खिशातून येतो. बाकीचे प्रश्न मग त्याच्या मागे ओळीने येतात. पत्र लांबणार आहे, कापायचं तर कापा, पण आकडे नका कापू.

आधी टक्केवारीचंच बघू. जगभर सगळ्यात जास्त वापरली जाणारी जी प्रश्नावली आहे ती कॅनडात २००१ मध्ये तयार झाली. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज २७ पर्यंत, आणि ८ किंवा जास्त आले की तुम्ही सर्वात वरच्या, म्हणजे गंभीर त्रासाच्या गटात. प्रश्न साधेच आहेत, हरलेले पैसे परत मिळवायला पुन्हा खेळलात का, खेळण्यासाठी उसने घेतले किंवा काही विकलं का, लोकांनी तुमच्यावर टीका केली का, अपराधी वाटलं का वगैरे. प्रश्न वाईट नाहीत. पण उत्तर देणारा कोण ते बघा ना, ज्याने ही गोष्ट घरच्यांपासूनही लपवलीय तो माणूस समोर वही घेऊन बसलेल्या परक्या सर्व्हेवाल्याला खरं सांगणार, तेही घरातली माणसं शेजारच्या खोलीत असताना? ब्रिटनमध्ये याचं फार छान उदाहरण झालं (छान म्हणजे आम्हा सर्व्हेवाल्यांसाठी). तिथे आरोग्याच्या मोठ्या सर्व्हेत हे नऊ प्रश्न विचारले जायचे तेव्हा या वरच्या गटाचा आकडा अर्ध्या टक्क्याच्याही खाली यायचा. मग तिथल्या जुगार आयोगाने नवीन सर्व्हे सुरू केला ज्यात लोक स्वतःच ऑनलाइन किंवा कागदावर फॉर्म भरतात, आणि २०२४ मध्ये त्याचा पहिला वार्षिक आकडा आला तो २.५ टक्के. देश तोच, प्रश्न तेच, आकडा पाचपटीच्या वर! लगेच दोन तट पडले, एक म्हणे असल्या सर्व्हेत जुगार खेळणारेच जास्त उत्साहाने फॉर्म भरतात म्हणून आकडा फुगलाय, दुसरे म्हणे आधी लोक लाजेपोटी खोटं सांगत होते. मला विचाराल तर दोन्हीत तथ्य आहे, आणि आयोगाने ज्यांच्याकडून पद्धत तपासून घेतली त्या प्राध्यापक पॅट्रिक स्टर्जिस यांनीही हा आकडा जपून वापरा असंच सांगितलं होतं.

त्यात व्याख्याही हलत असते. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये पहिल्यांदा जुगाराला आजारांच्या यादीत घेतलं, तेव्हा ते आवेग आवरता न येण्याच्या प्रकारांत टाकलं होतं, मग २०१३ मध्ये उचलून दारू आणि ड्रग्जच्या शेजारी व्यसनांच्या प्रकरणात ठेवलं, आणि निकष आधी दहापैकी पाच लागायचे ते नऊपैकी चार केले. निकष बदलला की काही माणसं रात्रीत आजारी होतात. यात कोणाची लबाडी नाही, शास्त्र असंच पुढे जातं. पण ज्या आकड्याचा पाया एवढा हलतो त्याच्या दशांशचिन्हावर वर्षानुवर्षं भांडायचं आणि फंडिंगचा मोठा वाटा त्यातच घालवायचा, हे मला पटत नाही.

आता दुसरा आकडा बघा. ऑस्ट्रेलियाच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने (सरकारला आर्थिक धोरणांवर सल्ला देणारी तिथली संस्था) या धंद्याची दोनदा मोठी चौकशी केली, १९९९ आणि २०१०. पहिल्या वेळी निघालं की प्रौढांपैकी साधारण २.१ टक्के लोकांना जुगाराचा गंभीर त्रास आहे, आणि लोक एकूण जेवढे पैसे हरतात त्यातला सुमारे एक तृतीयांश याच लोकांचा. २०१० च्या अहवालात फक्त मशिनच्या जुगाराबद्दल (पैसे टाकून चित्रं फिरवायची ती स्लॉट मशिन्स) सांगितलं की त्यावर जाणाऱ्या पैशातला अंदाजे ४० टक्के गंभीर त्रास असलेल्यांकडून येतो. हा अंदाज आहे, आणि कमिशनने स्वतःच त्याची रेंज २२ ते ६० टक्के अशी दिली होती, लपवलं काही नाही. पण अगदी खालचा २२ धरला तरी चित्र पूर्ण बदलतं की नाही? "एक-दोन टक्के लोकांनाच त्रास होतो" असं ऐकलं की वाटतं बाकी सगळी मजा चाललीय, थोडे लोक घसरतात, त्यांना सल्ला द्या, उपचार द्या. आणि "गल्ल्यातला पाव ते अर्धा पैसा त्रासातल्या माणसांचा" असं ऐकलं की प्रश्न पडतो की ही माणसं बरी झाली तर धंदा चालेल का. दोन्ही वाक्यं एकाच देशाबद्दल खरी असू शकतात. म्हणून म्हणते की कुठला आकडा आधी शोधायचा, इथेच अर्धी धोरणं ठरून जातात.

आणि गंमत अशी की हा दुसरा आकडा आता सर्व्हे न करताही काढता येतो. नोटा आणि नाण्यांच्या काळात कोण किती हरला ते कोणालाच माहीत नसायचं, खुद्द हरणाऱ्यालाही नाही. आता अ‍ॅपवर प्रत्येक टॅपची नोंद आहे, किती वाजता, किती रक्कम, हरल्यावर किती सेकंदांनी पुढची बेट, डिपॉझिट दिवसात कितीदा, लिमिट लावून परत कधी वाढवलं, सगळं. रात्री तीनला सलग तिसऱ्यांदा पैसे भरणारा माणूस कंपनीच्या स्क्रीनवर दिसतो, फक्त संशोधकाला दिसत नाही. हे अशक्य नाही हेही सिद्ध झालंय. बी-विन नावाच्या युरोपातल्या बेटिंग कंपनीने २००५ मध्ये अकाउंट उघडलेल्या चाळीस हजारांवर ग्राहकांच्या नोंदी हार्वर्डशी जोडलेल्या एका संशोधन गटाला दिल्या होत्या, आणि त्यावरून पहिल्यांदा कळलं की बहुतेक लोक अगदी थोडं, अधूनमधून खेळतात आणि वरचा एक छोटा गट मात्र बाकीच्यांच्या तुलनेत प्रचंड पैसे लावतो. पण ती कंपनीची मर्जी होती. मर्जीवर शास्त्र चालत नाही, उद्या मर्जी फिरली की डेटा बंद. माझ्या मते नोंदी, नावं काढून, ठरलेल्या साच्यात, दर तिमाहीला स्वतंत्र संस्थेकडे देणं ही लायसन्सची अट हवी. नाही दिलं तर लायसन्स नाही. संशोधनाच्या प्राधान्याच्या यादीत मी सगळ्यात वर हे लिहीन, जरी हा काही शोधप्रश्न नाही, नुसती तरतूद आहे, पण हिच्याशिवाय बाकी यादी म्हणजे हवेतल्या गप्पा.

यातही एक अडचण आहे, ती कामाची असल्यामुळे जरा थांबते. एका कंपनीच्या डेटात माणूस अर्धाच दिसतो, कारण मुरलेल्या खेळणाऱ्याची अकाउंट्स एकाहून जास्त असतात, एकीकडे लिमिट लागलं की दुसरीकडे जातो, आणि पहिल्या कंपनीच्या चार्टवर तो "सुधारला" म्हणून मिरवतो. बँकेच्या नोंदीत उलट होतं, तिथे सगळीकडे गेलेले पैसे दिसतात, घरभाडं थकलं का, कर्ज काढलं का, ओव्हरड्राफ्ट किती, हेही दिसतं, पण तो कुठला खेळ खेळला ते दिसत नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी लॉईड्स बँकेच्या नाव काढलेल्या नोंदी घेऊन, जास्तीत जास्त ६५ लाख ग्राहकांच्या, २०२१ मध्ये असाच अभ्यास छापला. जुगारावरचा खर्च वाढतो तसं आर्थिक तंगीचं, कर्जाचं, बेकारीचं प्रमाण वाढताना दिसलं आणि सर्वात जास्त खर्च करणाऱ्यांत मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी जास्त निघाला. जुगारामुळेच मेले असा त्याचा अर्थ नाही, आधीपासून अडचणीतला माणूस जुगाराकडे जास्त वळत असेल, हा कार्यकारणाचा गुंता त्या डेटाने सुटत नाही आणि संशोधकांनीही सुटला असं म्हटलेलं नाही. पण एवढ्या मोठ्या प्रमाणावर, कोणाला एकही लाजिरवाणा प्रश्न न विचारता हे मोजता आलं, ते महत्त्वाचं. बँकेच्या आणि कंपनीच्या नोंदी सुरक्षितपणे जोडून बघणं हे पुढचं मोठं काम. प्रायव्हसीची भीती खरी आहे, मलाही आहे, पण तोच डेटा आज "तुमच्यासाठी खास बोनस" पाठवायला बिनदिक्कत वापरला जातो, तेव्हा ही भीती कोणी काढत नाही.

पैसा कोणाचा ते कळलं की पुढे विचारावं लागतं की तो निघतो कशामुळे. इथे मला खेळणाऱ्याच्या स्वभावापेक्षा खेळाची रचना जास्त महत्त्वाची वाटते. केंब्रिजच्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की मशिनवर थोडक्यात हुकलं, म्हणजे दोन चित्रं जुळली नि तिसरं एका घराने पुढे गेलं, की मेंदूतल्या जिंकल्यावर जाग्या होणाऱ्या भागांतच हालचाल होते, आणि खेळत राहावंसं वाटतं, जरी हिशोबाने ती सरळ हारच आहे. कॅनडात २०१० मध्ये अजून एक बघितलं. हल्लीच्या मशिनवर एकाच वेळी अनेक ओळींवर पैसे लावता येतात, समजा शंभर लावले, तीस परत आले, म्हणजे सत्तर गेले, पण मशिन दिवे लावतं, सूर वाजवतं, जणू जिंकलात. आणि खेळणाऱ्याच्या त्वचेवरच्या घामाच्या मोजणीत शरीरही खऱ्या जिंकण्यासारखंच उत्तेजित होताना दिसलं. या गोष्टी कोणा कमकुवत मनाच्या माणसात नसून मशिनच्या आत बसवलेल्या आहेत. ब्रिटनने ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटवर असल्या खोट्या जल्लोषावर बंदी घातली, आपोआप फिरत राहण्याचं बटण काढायला लावलं, आणि दोन फेऱ्यांत कमीत कमी अडीच सेकंद जायलाच हवेत असा नियम केला. अडीच सेकंद! म्हणजे आधी त्याहून जोरात चाललं होतं. आता मला सांगा, अडीचच का, पाच का नाही, दहा केले तर हरण्यात किती फरक पडेल, हे प्रयोग करून सांगणारं संशोधन किती आहे? त्या मानाने मेंदूचे रंगीत फोटो भरपूर आहेत. मेंदूवाल्यांशी माझं वैर नाही, वरचं उदाहरण त्यांचंच आहे. पण खेळ बाजारात आणायच्या आधी त्याचा वेग, पैसे लावायची मर्यादा, हुकल्याचा भास, हे तपासणारी प्रयोगशाळा जास्त निकडीची आहे.

नियम बदलला की मोजायची आयती संधी मिळते, तीही बहुतेक वेळा फुकट जाते. नॉर्वेने १ जुलै २००७ पासून स्लॉट मशिन्स सरसकट काढून टाकली, त्याआधी २००६ मध्ये नोटा घेणारी व्यवस्था बंद केली होती, आणि नंतर सरकारी कंपनीमार्फत ओळख नोंदवून खेळायची, हरण्याची मर्यादा असलेली हळू मशिन्स परत आणली. त्यांनी आधी आणि नंतर मोजलं. हेल्पलाइनवरचे फोन कमी झाले, खेळणंही कमी झालं, आणि एक बंद केलं की लोक लगेच दुसऱ्या जुगाराकडे धावतील ही जी हमखास भीती घातली जाते ती त्या प्रमाणात खरी ठरली नाही. ब्रिटनमध्ये उलटी गोष्ट. तिथे बेटिंगच्या दुकानांतल्या मशिनवर दर २० सेकंदाला १०० पौंडांपर्यंत लावता यायचे, आणि हे कमी करा म्हटलं की वर्षानुवर्षं एकच उत्तर, पुरावा पुरेसा नाही, अजून संशोधन होऊ द्या. शेवटी एप्रिल २०१९ मध्ये मर्यादा २ पौंडांवर आली, त्याआधी अंमलबजावणी लांबवली म्हणून क्रीडा खात्याच्या मंत्री ट्रेसी क्राउच यांनी राजीनामाही दिला होता. तर "अजून संशोधन हवं" हे वाक्य नेहमी ज्ञानासाठीच बोललं जातं असं नाही, कधीकधी ते वेळ काढायला फार सोयीचं पडतं. हे वाक्य छापताना आपणही जपावं असं मला वाटतं.

आता घरच्यांबद्दल. धर्मराजाचा दाखला देत नाही, तो सगळेच देतात. ऑस्ट्रेलियातल्या एका २०१७ च्या अभ्यासात गंभीर त्रास असलेल्या एका माणसामागे साधारण सहा जणांना झळ बसते असं निघालं, जोडीदार, मुलं, आईवडील, मित्र, कधी ऑफिसातला ज्याने विश्वासाने पैसे दिले तो. मग सर्व्हेत प्रश्न एकालाच का विचारायचे? घरात पैसे गायब होतात हे आधी कळतं ते घर चालवणाऱ्याला, आणि खेळणारा कबूल करायच्या कितीतरी आधी कळतं. आठ-नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली त्या व्यक्तीसाठी बनवा ना, तुमच्या नावावर न सांगता कर्ज निघालं का, दागिना किंवा वस्तू नाहीशी झाली का, मुलांची फी थांबली का, मोबाईल बघितला म्हणून भांडण किंवा मारहाण झाली का. मारहाणीचं उगाच नाही लिहिलं. जगभरातले अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा जुगाराचा त्रास असलेल्यांपैकी सुमारे ३८ टक्के लोक जोडीदाराकडून हिंसा सोसलेले निघाले, आणि जवळपास तेवढेच, ३६-३७ टक्के, स्वतः हिंसा केलेले. सोसणारे आणि करणारे दोन्ही, हे वाचून मला तरी धक्काच बसला. यात आधी काय नि नंतर काय, दारूचा वाटा किती, हरल्या रात्री हात उठतो का कर्जवाल्याचा फोन आल्यावर, यावर मात्र फारच तुटपुंजं काम आहे. संशोधनाच्या प्राधान्याच्या याद्यांमध्ये "कुटुंब" हा शब्द असतो, पण तो शेवटून दुसऱ्या ओळीत असतो.

आत्महत्येचं लिहायला हात जड होतो पण टाळता येत नाही. स्वीडनच्या आरोग्य नोंदींवरून २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासात, जुगाराच्या आजाराचं निदान झालेल्या २० ते ७४ वयाच्या लोकांत आत्महत्येने मृत्यूचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे १५ पट दिसलं. निदानापर्यंत पोचलेले म्हणजे सगळ्यात अडचणीतले, त्यांना बहुतेकदा डिप्रेशन वगैरेही असतं, त्यामुळे सगळ्या खेळणाऱ्यांना हा १५ चा आकडा लावू नये. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्य यंत्रणेने २०२१ मध्ये अंदाज काढला की वर्षाला ४०९ आत्महत्या जुगाराशी संबंधित आहेत, २०२३ मध्ये तोच हिशोब नव्याने केला तर आकडा आला ११७ ते ४९६ च्या दरम्यान. एवढी रुंद रेंज म्हणजे काय, तर माहीतच नाही. आणि माहीत नाही कारण मृत्यूनंतरच्या चौकशीत हा प्रश्न विचारायची पद्धतच नाही, दारू तपासतात, औषधं तपासतात, शेवटच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट नि बेटिंग अकाउंट कोणी बघत नाही. यासाठी मोठं फंडिंग लागत नाही, चौकशीच्या फॉर्मवर एक रकाना लागतो, आणि तो भरणाऱ्याला थोडं ट्रेनिंग.

एक वाद असाही आहे की त्रास मुळात मोजायचा कोणाचा, वरच्या थोड्यांचा का सगळ्यांचा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २०१६ मध्ये हिशोब झाला की जुगारामुळे होणाऱ्या एकूण नुकसानीपैकी १५ टक्केच सर्वात गंभीर गटात आहे, ३४ टक्के मधल्या आणि ५० टक्के अगदी कमी रिस्कच्या गटात, कारण त्या गटात माणसंच खूप. यावर टीका झाली की सिनेमाला कमी गेलो, बचत थोडी घटली, हे "नुकसान" धरलं तर कुठलाही छंद नुकसानीतच निघेल. टीका मला बरीचशी पटते. पण सगळी नाही, कारण आजचा मधल्या गटातला माणूस वर्षभराने वर किंवा खाली कुठे असेल हे एकदाच काढलेल्या सर्व्हेतून कळत नाही, त्यासाठी तीच माणसं पाच-दहा वर्षं धरून ठेवावी लागतात, आणि ते महाग, किचकट, कंटाळवाणं काम आहे ज्यात दोन वर्षांत पेपर निघत नाही म्हणून तरुण संशोधक तिकडे फिरकत नाहीत. करायलाच हवं मात्र.

उपचारांवर थोडक्यात. समुपदेशनाने बऱ्याच जणांना फायदा होतो, अडचण अशी की त्रास असलेल्यांतले थोडेच मदत मागायला येतात, म्हणून नवीन थेरपी शोधण्याआधी ते का येत नाहीत ते शोधा. मुलांच्या व्हिडिओ गेम्समधल्या नशिबाच्या पेट्यांचं (लूट बॉक्स, पैसे देऊन उघडायच्या, आत काय निघेल ते नशिबावर) तसंच, बेल्जियमने त्यांना २०१८ मध्ये जुगार ठरवलं, पण नंतर तपासलं तर तिथल्या आयफोनवरच्या सर्वात कमाई करणाऱ्या १०० गेम्सपैकी ८२ मध्ये त्या पेट्या होत्याच. म्हणजे नियम केला की पाळला जातो का हाही संशोधनाचाच विषय आहे, जरा रुक्ष आहे इतकंच.

आता सगळ्यात नाजूक भाग, पैसे कोण देणार. अमेरिकेत जुगार-संशोधनासाठी राष्ट्रीय केंद्र १९९६ मध्ये उभं राहिलं ते कॅसिनो उद्योगाच्या पैशावर. ब्रिटनमध्येही फार वर्षं कंपन्या स्वेच्छेने देणगी द्यायच्या आणि त्यातून संशोधन, उपचार, जागृती सगळं चालायचं. असल्या पैशातून निघालेले निकाल खोटे असतात असं मी म्हणत नाही, बरीच चांगली माणसं त्यावर काम करून गेली. गडबड निकालात क्वचितच असते, ती प्रश्न निवडण्यात असते. व्यसनी माणसाच्या जीन्सवर पैसे मिळतात, त्याच्या बालपणावर मिळतात, मशिनच्या वेगावर मात्र "पुढच्या वर्षी बघू". आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. न्यूझीलंडने २००३ च्या कायद्यातच लेव्ही, म्हणजे खास कर, घातली, कंपन्यांकडून सक्तीने घ्यायची आणि वापर सरकारी आरोग्य यंत्रणेने ठरवायचा. ब्रिटन तिथे एप्रिल २०२५ मध्ये पोचलं, धंद्याच्या प्रकाराप्रमाणे उत्पन्नाच्या ०.१ ते १.१ टक्के, त्यातला अर्धा उपचाराला, ३० टक्के प्रतिबंधाला, २० टक्के संशोधनाला. पैसा शेवटी हरणाऱ्यांचाच आहे म्हणा, पण निदान कुठला प्रश्न घ्यायचा ते देणारा ठरवत नाही.

मग ठरवणार कोण? प्राध्यापकांनी एकमेकांत ठरवलं तर ज्याला जे येतं तेच वर जातं. ब्रिटनमध्ये २००४ पासून आरोग्याच्या इतर विषयांसाठी जेम्स लिंड अलायन्सची एक पद्धत चालत आलीय ती मला आवडते. आधी रुग्ण, घरचे आणि डॉक्टर या सगळ्यांकडून प्रश्न मागवायचे, मग ज्यांची उत्तरं आधीच मिळालीत ते गाळायचे (हे फार महत्त्वाचं, निम्मं संशोधन आधी झालेलंच असतं), उरलेल्यांना लोकांकडूनच क्रम लावून घ्यायचा, आणि शेवटी सगळ्यांना एका टेबलाशी बसवून पहिले दहा ठरवायचे. ज्यांचा आर्थिक संबंध गुंतलाय, म्हणजे औषध कंपन्या वगैरे, त्यांना या ठरवण्यात जागा नाही. जुगारात हेच करा, सोडलेले खेळणारे, त्यांचे जोडीदार, कर्ज-सल्लागार, बँकेतला वसुलीवाला, हेल्पलाइनवर रात्रपाळी करणारे. कंपनीतले इंजिनिअर माहिती द्यायला जरूर बोलवा, त्यांच्याइतकं खेळाचं आतलं कोणालाच कळत नाही, पण मत द्यायला नको. माझी खात्री आहे की अशा टेबलावर "व्यसनी किती टक्के" हा प्रश्न पहिल्या दहातही येणार नाही, येईल तो "माझ्या नवऱ्याला एका रात्रीत इतके पैसे भरू कसे दिले" हा.

आणि वेळ. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०११ मध्ये कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा केला, त्याच कायद्यात लिहून ठेवलं की सामाजिक आणि आर्थिक परिणामांवर दरवर्षी संशोधनाचा कार्यक्रम ठरवायचा, आणि पहिलं मशिन २०१५ मध्ये सुरू व्हायच्या आधीच, २०१३-१४ मध्ये, राज्यभर मोजणी करून ठेवली, शिवाय तीच माणसं २०१९ पर्यंत धरून ठेवणारा अभ्यासही चालवला. आधीचा आकडा हातात असल्याशिवाय नंतर काय बदललं ते सांगणार कसं, इतकी साधी गोष्ट आहे. पण मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने खेळांवरच्या बेटिंगची केंद्रीय बंदी उठवली आणि बघता बघता तीन डझनांहून जास्त राज्यांनी ते कायदेशीर केलं, तेव्हा बहुतेक ठिकाणी अशी तयारी नव्हती. मग अर्थशास्त्रज्ञांना लोकांच्या क्रेडिट रिपोर्टच्या ढिगातून मागाहून उकरून काढावं लागलं की ऑनलाइन बेटिंग सुरू झालेल्या राज्यांत क्रेडिट स्कोअर घसरले, दिवाळखोऱ्या वाढल्या. वरातीमागून घोडं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये जगभरात सुमारे ८ कोटी प्रौढांना जुगाराचा आजार किंवा गंभीर त्रास असल्याचा अंदाज दिला, आणि ऑनलाइन कॅसिनो नि स्लॉट खेळणाऱ्या किशोरवयीनांत आजाराचं प्रमाण २६.४ टक्के सांगितलं. या अंदाजालाही वर सांगितलेल्या सगळ्या सर्व्हेच्या अडचणी लागू आहेत हे मान्य, पण जिथे नवीन परवाने द्यायचं घाटतंय तिथे आधीची मोजणी आत्ताच व्हायला हवी, परवान्यानंतर नको.

संपादक महोदय, आपल्याकडून एकच अपेक्षा. यापुढे जुगारावरच्या कुठल्याही सर्व्हेची किंवा अभ्यासाची बातमी छापाल तेव्हा त्याला पैसे कोणी दिले हे बातमीच्या पहिल्या परिच्छेदातच छापा, आणि बातमीत टक्केवारी असेल तर धंद्याच्या उत्पन्नातला त्या लोकांचा वाटा किती हे संशोधकाला फोन करून विचारा. त्यांच्याकडे तो आकडा नसेल तर नाही असं छापा.

आपली,
एक नियमित वाचक